न विचारलेला चौथा प्रश्न

१० फेब्रुवारी, सोमवार

आज लॅबमध्ये २१७ नंबरचा नमुना आला. मेणाच्या ठोकळ्यात गाठीचा तुकडा. चिठ्ठीवर एवढंच: मुलगी, वय सात, मागच्या मेंदूतली गाठ, ऑपरेशन होऊन नऊ दिवस. नाव खालच्या ओळीत असतं. त्यावर बोट ठेवून बाकीचं वाचायचं, चौदा वर्षं हाच नियम. नंबर हातात धरवतो, नाव धरवत नाही.

शहाण्णव नळ्यांचा ट्रे भरताना मराठीत मोजत होते, शहानानं पुन्हा पकडलं. शेजारच्या टेबलावर बसते, रोज एकदा तरी पकडतेच. "क्या मॅडम, मंतर पढ रै क्या?" हौ म्हटलं. इथे हैदराबादेत दिवसभरात तोंडातून मराठी निघते ती एवढीच, एक ते शहाण्णव.

घरी येताना मलकपेठच्या बाजारातून वांगी घेतली. एकटीला पाव किलोसुद्धा जास्त होतात.

१३ फेब्रु., गुरुवार

२१७चा निकाल. गाठीतला टीपी-५३ मोडलेला. हा जीन म्हणजे पेशीचा राखणदार, तोच नाही तर बाकीच्यांना कोण विचारतो. आता खरा प्रश्न: बिघाड नुसता गाठीत, की रक्तातही? रक्तात असला तर जन्मापासूनचा. मग रेडिएशन द्यायचं का, कसं द्यायचं, सगळंच अवघड होतं, कारण अशा मुलांत त्याच किरणांनी पुढे दुसरी गाठ उठू शकते. न द्यावं तर हीच परत येते. मुलीचं आणि आईवडिलांचं रक्त मागवलं.

प. मॅडमनी (आमच्या पद्मजा मॅडम, लॅबच्या प्रमुख) केबिनमध्ये बोलावलं. समुपदेशनाची बाई बाळंतपणाच्या रजेवर. कुटुंब देगलूरकडचं, मराठीशिवाय काही येत नाही. म्हणाल्या, घराण्याची माहिती तू घे. मी म्हटलं, मी पेशंटना भेटत नाही. त्या म्हणाल्या, "सरे", म्हणजे बरं, "उद्यापासून भेट."

१४ फेब्रु., शुक्रवार

गेले. वॉर्डाबाहेरच्या खोलीत दोघं बसलेली. वडील मिलिंद, देगलूर डेपोत एस.टी.चे कंडक्टर. आई शोभा, अडतीसच्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझ्या गळ्यातल्या कार्डावरचं आडनाव वाचलं. "जय भीम मॅडम. कुठल्या तुमी?" नांदेडची म्हटलं. बाई एकदम सैल झाल्या. "बरं झालं माय. इथं समदे तेलगूत बोलायलेत अन् मी नुसती मान हालवायले."

फॉर्म भरला. वंशावळ काढायची असते: पुरुष चौकोन, बाई गोल, असला आजार असेल तो काळा करायचा. विचारत गेले, सांगत गेल्या. सासरे हृदयाच्या झटक्यानं. एक चुलत दीर दारूनं. धाकटी बहीण सुनीता, मुखेडला दिलेली, दोन वर्षांपूर्वी छातीची गाठ काढली, तेव्हा फक्त तीस वर्षांची. तिचा गोल काळा केला. बाजूला लिहिलं: मावशी.

चौथा प्रश्न: मूल जन्माने याच आईवडिलांचं आहे का. इंग्रजीत बरा दिसतो. मराठीत समोरच्या बाईला विचारायचा म्हणजे "पोरगी तुमच्या पोटचीच ना?" आपल्याकडच्या बाईला, पहिल्या भेटीत, लेकरू आत पट्टी बांधून पडलेलं असताना. नाही विचारलं. हो वर टिक केली आणि पाचव्याकडे गेले.

नाव कळलं. प्रज्ञा. मोडला नियम.

१८ फेब्रु., मंगळवार

रक्ताच्या तीन नळ्या लावल्या. मोजताना मध्येच चुकले. पुन्हा पहिल्यापासून.

२४ फेब्रु., सोमवार

वाईट दिवस. मुलीच्या रक्तात बिघाड आहे. म्हणजे जन्मजात.

आईत नाही. वडिलांत नाही. असं होतं कधी कधी, मुलातच पहिल्यांदा उपजतं. पण नळ्यांची अदलाबदल झाली नाही ना, हे बघायला आम्ही डीएनएतल्या ओळखीच्या खुणाही तपासतो, तिथे गाडी अडली. मुलीचं रक्त आणि मुलीची गाठ एकमेकांशी जुळतात, ते ठीक. आईवडील मुलीशी जुळत नाहीत.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नळ्यांवर चिठ्ठ्या मी लावल्या होत्या.

२५ फेब्रु.

प. मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "चौदा वर्षांत पहिल्यांदा, होतं," म्हणाल्या. मी म्हटलं, नाही झालं. "मग काय झालं?" आईवडिलांचं रक्त नव्यानं घ्यायचं ठरलं.

जेवणाच्या सुट्टीत जिन्यावर दोघी ज्युनियर मुली माझंच बोलत होत्या, मला पाहून गप्प झाल्या. शहाना तेवढी म्हणाली, "आप नळी बदले नै मॅडम, मेरेकू मालूम." तिचा हात धरून रडावंसं वाटलं. डबा उघडला.

२८ फेब्रु., शुक्रवार

रक्त घ्यायला स्वतः गेले. चिठ्ठ्या त्यांच्यासमोर लावल्या, दोनदा वाचून दाखवल्या. शोभाताईंनी विचारलं, परत कशापायी? नळीत बुडबुडा होता म्हटलं. खोटं.

प्रज्ञा पलंगावर बसलेली. डोकं भादरलेलं, मागे शिवण, बोलणं हळू झालंय, एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखं. चालताना झोक जातो. पण हातात बापाची जुनी चामड्याची पिशवी अन् कागदाच्या कपट्यांचा गठ्ठा. मला अडवलं.

"कुठं जायाचं?"

"नांदेड."

"देगलूर, मदनूर, पिटलम, जोगीपेठ, संगारेड्डी..." उलट्या दिशेनं निघाली होती, पण मी टोकलं नाही. "फुल का हाफ?"

"फुल."

"एकच?"

"एकच."

"सोबत कोण नाई?"

नाही म्हटलं. तिनं तिकीट फाडून दिलं. इथे चिकटवलंय.

६ मार्च, गुरुवार

तेच. नवी नळी, नवं रक्त, तेच. वडिलांशी काहीच जुळत नाही. आईशी निम्मं जुळायला हवं, पाव जुळतंय.

पाव म्हणजे मावशी.

मी निर्दोष सुटले, आणि वंशावळीचा कागद पुन्हा काढला. सुनीता. छातीची गाठ, तीस वर्षांची. ज्या गोलाला मी "मावशी" लिहून बाजूला बसवलं तीच आई. बिघाड तिच्याकडून आला असणार. आणि तिला आणखी दोन मुली आहेत, शोभाताईंनीच सांगितलं होतं, तेरा आणि दहा. दोन पांढरे गोल काढून मी मोकळी झाले होते. त्या दोघींचं रक्त तपासायला हवं. बिघाड असेल तर दर काही महिन्यांनी तपासण्या, गाठ आलीच तर लहान असताना सापडते. पण त्यांना बोलवायचं तर आधी कुणीतरी म्हणायला हवं की प्रज्ञा सुनीताची आहे.

माय मरो पण मावशी जगो म्हणतात. इथे मावशीच माय होऊन बसलीय आणि मायेला मावशी म्हणतात.

प. मॅडमना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

७ मार्च

प. मॅडम: संमतीपत्रात लिहिलंय की नात्याबद्दल काही कळलं तर लॅब सांगणार नाही. आपण ते रिपोर्टमध्ये घालू शकत नाही. आईवडिलांत बिघाड नाही, एवढंच लिहायचं.

मी: मग लोक समजणार की मुलीतच उपजलाय. मुखेडच्या दोघी राहिल्याच.

त्या: घरच्यांनी स्वतः सांगितलं तर गोष्ट वेगळी. माहिती तू घेतलीस ना? चौथ्या प्रश्नाला तू हो लिहिलंयस. त्यांनी हो सांगितलं होतं?

मी फॉर्म उलटा करून ठेवला.

त्या: तू विचारलंस का?

नळ्या मी बदलल्या नव्हत्या. चूक मात्र माझीच निघाली, आणि ती नळीत नव्हतीच.

९ मार्च, रविवार

घरीच. कपडे, भांडी, एक भाकरी. खाली रमजानच्या हलीमची भट्टी लागलीय, दुपारपासून घोटणं चालू. सगळ्या गल्लीला कोणीतरी वाट बघणारं आहे, संध्याकाळी रोजा सोडायला माणसं घरी पळतायत.

खरं लिहू? लाज वाटली म्हणून विचारलं नाही, हे अर्धंच खरं. मूल ओटीत घालण्याची रीत मला काय पुस्तकातून माहीत आहे? वहिनीला दुसरी मुलगी झाली तेव्हा तिनं बाळंतिणीच्या खाटेवरून मला सांगितलं होतं, "ताई, हिला तुमच्या ओटीत घालते. तुमी शिकवाल." बाळ पुढे केलं होतं. मी हसले. मला कुठे वेळ म्हटलं, हैदराबादला नवी नोकरी. दोनदा विचारायची पद्धत नाही. तनू आता तेरा वर्षांची आहे, मला आत्या म्हणते, फोनवर दोन वाक्यं बोलून वहिनीकडे देते.

चौथा प्रश्न समोर आला तेव्हा मला हे सगळं आठवायचं नव्हतं. म्हणून टिक केली.

१२ मार्च, बुधवार

शोभाताई हॉस्पिटलमागे एका खोलीत राहतात. मिलिंद ड्यूटीवर गेलेले, प्रज्ञा झोपलेली. गेले आणि सरळ विचारलं. घोळवलं असतं तर जमलं नसतं.

"ताई, प्रज्ञा तुमच्या पोटची आहे का?"

कणीक मळत होत्या. हात थांबला नाही. मग म्हणाल्या, "नऊ सालं झाली होती लग्नाला. सुनीला तिसरी बी पोरगीच झाली. अकराव्या दिवशी तिनं सोताहून माझ्या ओटीत घातली. कागद न्हाई, काई न्हाई. शाळेत माझंच नाव हाय. गावात समद्याला ठावं हाय, फकस्त तिला न्हाई."

मग वर बघून: "कुनी सांगितलं?"

"रक्तानं."

तोंडातून निघून गेलं. चुकीचं बोलले. बाईंनी हात धुतले, दार उघडलं, आणि मी जावं म्हणून उभ्या राहिल्या.

१३ मार्च

फोन उचलत नाहीत.

१४ मार्च, शुक्रवार

होळी. शहानानं टेबलावर खजूर ठेवले, स्वतः उपाशी असताना. दिवसभरात बोललेले शब्द: थँक्यू.

१८ मार्च, मंगळवार

संध्याकाळी सहाला बेल वाजली. या घराची बेल वाजली की आधी मला वाटतं शेजारची. शोभाताई होत्या, पत्ता शहानाकडून काढलेला. रिक्षावाल्यानं मलकपेठभर फिरवलं म्हणाल्या. पाणी प्यायल्या. घर बघितलं. "एकट्याच राह्यता?" आणि उत्तराची वाट न बघता ओट्यापाशी जाऊन पिठाचे डबे उघडायला लागल्या. "जवारीचं पीठ हाय की!" चार भाकरी थापल्या. माझ्या तव्यावर चार भाकरी पहिल्यांदाच.

जेवताना मी सांगितलं. बिघाड कशामुळे येतो, सुनीताच्या छातीची गाठ आणि प्रज्ञाची गाठ एकाच धाग्यातली कशी असू शकते, तिच्या मुलींना का तपासायचं. हळूहळू, मराठीत. हे सगळं मराठीत मी आयुष्यात पहिल्यांदा बोलत होते, शब्द सापडत नव्हते.

त्यांनी एकच विचारलं. "म्हंजी माझ्या हातून न्हाई झालं?"

मला कळेना. तेव्हा बोलल्या. लेकरू ओकायला लागलं तेव्हापासून एकच वाटायलंय, दुसऱ्याची ठेव धड सांभाळता आली नाही. खाण्यात काही गेलं असंल. उन्हात खेळू दिलं. एकदा चापट मारली होती डोक्यात. सुनी काय म्हणंल. चांगली दिली होती, तू काय केलंस म्हणंल.

नाही म्हटलं. तुमच्या हातून काहीच नाही झालं. तीनदा सांगितलं. बाई पदर तोंडात धरून रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "मंग सुनीच्या हातून झालं म्हना की."

तिच्याही नाही, कुणाच्याच नाही, असं मी सांगत राहिले, पण मलाच ते पोकळ वाटत होतं. एकीच्या डोक्यावरचं उतरवलं की ते दुसरीच्या डोक्यावर जाणार. हे लॅबमध्ये बसून कधी दिसलं नव्हतं.

वंशावळीचा नवा कागद दाखवला. सुनीतापासून प्रज्ञाला सरळ रेघ. शोभाताईंपासून तुटक.

"ही फाटकी कशापायी?"

"ओटीत घेतलेलं मूल असलं की तशी काढतात. रीत आहे."

त्यांनी माझी पेन्सिल उचलली. कागद गुडघ्यावर घेऊन एकेक फट भरली, सावकाश, दाबून. पूर्ण रेघ झाली. मग कागद परत दिला. मी थांबवलं नाही आणि खोडलंही नाही. फाइलीसाठी दुसरा काढीन, हा इथे घडी करून ठेवलाय.

जाताना सुनीताला फोन करते असं म्हणाल्या नाहीत. करत नाही असंही म्हणाल्या नाहीत.

२४ मार्च, सोमवार

डॉक्टरांची बैठक. पाऊण तास वाद. ठरलं: रेडिएशन द्यायचं, जपून, आणि पुढे आयुष्यभर नजर ठेवायची. कुणालाच पटलं नव्हतं, पण याहून बरं कुणाकडे नव्हतं. शोभाताई त्याला शेक म्हणतात. उद्यापासून शेक.

३० मार्च, रविवार

आज इकडे उगादी, तिकडे पाडवा. घरमालकीणबाईंनी पचडी पाठवली वाटीभर. कडुनिंब जास्त पडलाय.

शोभाताईंनी अजून सुनीताला कळवलेलं नाही. बारा दिवस झाले. मी रोज विचारत नाही, रोज विचारावंसं वाटतं. सुनीताचा नंबर माझ्याकडे आहे. फॉर्मवर "जवळचे नातेवाईक" म्हणून शोभाताईंनीच दिलेला. दुपारी मोबाईलवर नंबर लावला, नऊ आकडे दाबले, दहावा नाही. तेरा आणि दहा वर्षांच्या दोन मुली. नुसतं एक बोट. पण ते माझं सांगणं नाही. आणि मी बोलले तर चुकीचंच बोलीन, "रक्तानं" सारखं काहीतरी.

राग आलाय. शोभाताईंचा, नियमांचा, आणि सगळ्यात जास्त फॉर्मवरच्या त्या टिकमार्कचा. त्या दिवशी विचारलं असतं तर एक महिना वाचला असता.

३१ मार्च

प. मॅडमना सांगितलं नंबर दाबला होता. त्या म्हणाल्या, "दहावा आकडा दाबला असतास तर मी तुला काढलं असतं." मग डब्यातला पुलिहोरा, चिंचेचा भात, दिला.

४ एप्रिल, शुक्रवार

शोभाताईंचा फोन. "केला सुनीला." बाकी काही नाही, नाक ओढल्याचा आवाज. मग: "ती काईच बोलली न्हाई. नुसतं कदी येऊ म्हनली."

९ एप्रिल, बुधवार

आल्या. मिलिंदच्याच एस.टी.नं, त्यांनी ड्यूटी बदलून घेतली होती. सुनीता बत्तीसची, पण थोरली वाटते, खांदा एका बाजूनं उतरलेला. दोन मुली, संघमित्रा आणि गौतमी. गौतमीचं कपाळ थेट प्रज्ञाचं. मी बघत राहिले आणि मग बघणं बंद केलं.

प्रज्ञा वॉर्डाच्या दारात पिशवी घेऊन उभी. शेक चालू झाल्यापासून थकते, भिंतीला टेकून उभी राहते, पण तिकिटाशिवाय आत सोडलं नाही. "मावशी, किती?" सुनीतानं तिच्या भादरलेल्या डोक्याकडे पाहिलं. "एक फुल. दोन हाफ."

रक्त मी घेतलं नाही. नर्सनं घेतलं.

नंतर व्हरांड्यात सुनीता माझ्यापाशी आली. "मॅडम, मी अक्काला चांगली म्हनून दिली. मला ठावं असतं तर दिली नसती." मी म्हटलं, ठेवून घेतली असती तरी हेच झालं असतं. "ते न्हाई हो. अक्काच्या वाट्याला नसतं आलं म्हनते मी." दोघी बहिणी सकाळपासून एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. नंतर पाहिलं तर बाकावर शेजारी बसून एकाच डब्यात जेवत होत्या, तरीही न बोलता.

प्रज्ञाला सांगायचं का, कधी, कोणी. यावर कुणीच काही म्हणालं नाही. मीही नाही.

१२ एप्रिल, शनिवार

प. मॅडमना म्हटलं हे काम दुसऱ्या कुणाला द्या, मी यांना ओळखते. त्या म्हणाल्या, शहाना चिठ्ठ्या तपासेल, मशीन तू लाव. ओळखीनं हात चुकतो का ते बघू. तिन्ही नमुन्यांची तयारी करून ठेवली. सोमवारी सुट्टी आहे, पण मशीन मोकळं मिळेल. मंगळवारी प. मॅडम सुनीताला समोर बसवून सांगतील.

तनूला फोन केला. उन्हाळ्यात येतेस का विचारलं. "तिथं काय हाय?" म्हणाली. बरोबर आहे. चारमिनार म्हटलं. "आईला इचारते."

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळी पुतळ्यापाशी जाऊन आले, निळ्या झेंड्यांच्या मोटरसायकली, ढोल, ओळखीचं कुणी नाही. लॅब उघडली, मशीन लावलं. चारला निकाल. शहाना "मैं आऊँ क्या?" विचारत होती, नक्को म्हटलं, घरी बस.

अकराला वॉचमनचा फोन, खाली कोणी अम्मा बसलीय. शोभाताई. पांढरी साडी, मांडीवर डबा. देगलूरची मिरवणूक पहिल्यांदा चुकली म्हणाल्या. प्रज्ञा बापापाशी, सुनीता तिथेच.

मी म्हटलं, ताई, निकाल मला सांगता येणार नाही. उद्या मॅडम सांगतील.

"नका सांगू. मी इचारनार बी न्हाई."

"मग इथे उन्हात कशाला?"

"असलं एकटीनं बगू न्हाई माय. तुमी वर बगा. मी हितंच बसते."

वर येऊन हे लिहितेय. चौदा वर्षांत किती निकाल पाहिले असतील, पाहताना खाली कोणी बसलेलं नव्हतं.

मशीनवर चाललेले नमुने: २६१ सुनीता. २६२ संघमित्रा. २६३ गौतमी. लिहिली नावं.

खिडकीतून बाक दिसतो. साडेतीनला त्यांनी जागा बदलली, सावली सरकली तशा सरकल्या.

चारला पाच कमी. मशीनचा आवाज थांबला. मी खिडकीतून हात केला, त्यांनी डब्यावरचा हात उचलला. आता संगणकाच्या पडद्यावर निकाल उघडते.